शेकोटीचा रिमोट कुणाकडे?

डिसेंबर उजाडला की अटलांटा, शार्लट, नॅशव्हिलकडच्या मराठी मंडळींना लाकडाची आठवण येते. ऑफिसला सुट्टी, पोरांच्या शाळेला सुट्टी आणि भारताच्या तिकिटाचा भाव ऐकूनच घाम फुटलेला. मग चार-पाच कुटुंबं मिळून टेनेसीत गॅटलिनबर्गच्या डोंगरात एक लॉग केबिन भाड्यानं घेतात. बाहेरून ओंडक्यांच्या भिंती, उतरतं छप्पर, पुढं लाकडी ओसरी, ओसरीवर झुलत्या खुर्च्या. आत पूल टेबल, होम थिएटर, खोलीगणिक बाथरूम आणि मागच्या डेकवर गरम पाण्याचा टब. साबणदाणीवर अस्वल, टॉवेलवर अस्वल, दिव्याच्या छत्रीवर अस्वल. शेजारच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात खरी काळी अस्वलं सुमारे १,९०० आहेत. एका केबिनमधली मोजायला बसलं तर उद्यानाला लाज वाटेल. शेकोटीही असते. ती गॅसवर चालते आणि तिला रिमोट असतो.

निसर्गाच्या इतक्या जवळ गेल्यावर माणसाला पहिली निकड भासते ती स्पीकरची.

मेन्यू ठरायला व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संध्याकाळ पुरते. पहिल्या दिवशी मिसळ, दुसऱ्या दिवशी पावभाजी. पंचवीस तारखेला कुणीतरी टर्कीचं नाव काढतं, दोन मिनिटं शांतता पसरते आणि बिर्याणीवर एकमत होतं. गाण्यांचं मात्र नोव्हेंबरपासून पेटलेलं असतं. एका मावशींना अंताक्षरी हवी. एका काकांना भीमसेनजी हवेत, तेही पहाटे, टबात बसून. पोरांना काय हवंय ते पोरं सांगत नाहीत, कानात खुपसून बसतात. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक अस्सलवाला असतो. त्याचं म्हणणं असं, की आपण लॉग केबिनला चाललोय, ख्रिसमस आहे, तर वातावरण कसं अस्सल पाहिजे. हिंदी नको, मराठी तर नकोच, ते घरी आहेच की. जुनी, ऊबदार, बर्फात भिजलेली खरीखुरी गाणी. त्यानं प्लेलिस्ट करून पाठवलेलीसुद्धा असते, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘प्लीज यात कुणी ॲड करू नका.’

आज या प्लेलिस्टचीच झडती घेऊ.

पहिल्या नंबरला ‘व्हाइट ख्रिसमस’. दुसरं काय असणार! बिंग क्रॉस्बीची १९४२ची रेकॉर्ड. जगात सर्वांत जास्त खपलेली सिंगल म्हणून गिनेस बुकात नोंदलेली, अंदाज पाच कोटी प्रतींचा. छापून छापून मूळ साचा इतका झिजला, की १९४७मध्ये क्रॉस्बीला तेच गाणं तस्संच पुन्हा गावं लागलं. आपण ऐकतो ते बहुतेक वेळा हे दुसरं. लिहिलं कुणी? अर्विंग बर्लिननं. रशियन साम्राज्यात जन्मलेला ज्यू, पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आलेला. त्याचं तान्हं पोर १९२८ साली नेमकं ख्रिसमसच्या दिवशी गेलं. तेव्हा या माणसाच्या मनात ख्रिसमस म्हणजे काय असेल, ते त्यालाच ठाऊक. पण गाण्याची गंमत वेगळीच आहे. सुरुवातीला एक प्रस्तावनेचं कडवं होतं. त्यात गाणारा बेव्हर्ली हिल्सच्या उन्हात बसलाय, आजूबाजूला हिरवळ आणि ताडाची झाडं आहेत आणि तिथून तो उत्तरेकडच्या बर्फासाठी झुरतोय. पुढं बर्लिननं ते कडवंच काढून टाकायला लावलं. ताड गेले, ऊन गेलं आणि बर्फ तेवढा आपल्या माथी राहिला.

या गाण्याचं आणि उकाड्याचं काहीतरी नातंच आहे. एप्रिल १९७५मध्ये सायगाव सोडायची पाळी आली, तेव्हा शहरातल्या अमेरिकनांसाठी लष्करी रेडिओवर एक सांकेतिक इशारा ठरला होता. निवेदकानं सांगायचं, तापमान १०५ अंश फॅरनहाइट आहे आणि चढतंय. मग लागायचं ‘व्हाइट ख्रिसमस’. ते ऐकलं की सामान सोडून हेलिकॉप्टरकडे पळायचं. शेकोटीपाशी कोको पीत हे गाणं ऐकणाऱ्यानं एकदा हेही आठवून पाहावं. फार नाही, घोटभर कोको होईपर्यंत.

दुसऱ्या नंबरला ‘द ख्रिसमस साँग’, म्हणजे ते विस्तवावर चेस्टनट भाजण्याचं. नॅट किंग कोलनं १९४६ साली गायलं, आणि त्याच्यासारखं पुन्हा कुणाला जमलं नाही. हे लिहिलं गेलं जुलै १९४५मध्ये, कॅलिफोर्नियात. बॉब वेल्स नावाचा गीतकार उकाड्यानं हैराण झाला होता, म्हणून अंगाला जरा गार वाटावं यासाठी वहीत थंडीच्या ओळी खरडत बसला होता. एकोणीस वर्षांचा मेल टोर्मे तिथं आला, त्यानं वही पाहिली आणि थोड्याच वेळात दोघांनी गाणं हातावेगळं केलं.

तिसऱ्या नंबरला ‘लेट इट स्नो’. हेही जुलै १९४५, हेही हॉलिवूड, हाही उकाडा. गीतकार सॅमी कान म्हणाला, समुद्रावर जाऊ या. संगीतकार ज्यूल स्टाइनचं मत पडलं, त्यापेक्षा थंडीचं गाणं करू. म्हणजे एकाच महिन्यात, एकाच शहराच्या आसपास, चार घामाघूम माणसांनी अख्ख्या जगाच्या हिवाळ्याची बेगमी करून टाकली. शहरात त्या महिन्यात पंखे विकणारा कुणी असता, तर ही दोन्ही गाणी झाली नसती.

‘स्ले राइड’चंही तेच. लेरॉय अँडरसनला घोड्यांच्या टापा आणि घुंगरांची ती धून सुचली १९४६च्या उन्हाळ्यात, कनेटिकटमध्ये, उष्णतेची लाट आणि दुष्काळ असताना. ‘लास्ट ख्रिसमस’ ऑगस्ट १९८४मध्ये लंडनच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं. भर ऑगस्टात हिवाळा वाटावा म्हणून स्टुडिओत ख्रिसमसची सजावट टांगली होती आणि जॉर्ज मायकेल एकटाच सगळी वाद्यं वाजवत होता. मराया कॅरीचं ‘ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू’ १९९४च्या उन्हाळ्यातलं.

गाण्यांचं सोडा, शेकोटीसुद्धा त्यातलीच. १९६६च्या ख्रिसमसला न्यूयॉर्कच्या एका टीव्ही चॅनेलनं, डब्ल्यूपीआयएक्सनं, एक कार्यक्रम दाखवला. कार्यक्रम म्हणजे काय, तर पडद्यावर जळती शेकोटी आणि मागं गाणी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शेकोटी कुठून असणार, त्यांची सोय. चित्रण महापौरांच्या बंगल्यातल्या शेकोटीचं होतं, काही सेकंदांचंच, तेच फिरवून फिरवून दाखवलेलं. ते जुनं झाल्यावर १९७०मध्ये नवं चित्रण केलं. कुठं? कॅलिफोर्नियात. कधी? ऑगस्टात. नॉर्वेच्या सरकारी टीव्हीनं तर फेब्रुवारी २०१३मध्ये सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम केला, त्यातला मोठा भाग म्हणजे नुसती जळती लाकडं. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. कंटाळा आला अशा नव्हेत. लाकडाची साल वर ठेवायची की खाली, यावर. नॉर्वेची माणसं निदान लाकूड ओळखतात.

तर हिशोब असा, की हिवाळ्याचा बहुतेक माल उन्हाळ्यात तयार झालेला आहे. कुरडया, पापड आणि सांडगे आपणही एप्रिलच्या उन्हातच वाळवतो, तळतो मात्र पावसाळ्यात. तेव्हा यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. फक्त वाळवणाला कुणी ताजी भाजी म्हणू नये, इतकंच.

‘पण सायलेंट नाइट?’ अस्सलवाला हार मानत नाही.

मान्य. ते खरं. योझेफ मोर नावाच्या तरुण ऑस्ट्रियन पाद्र्यानं त्याचे शब्द लिहिले १८१६ साली. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेनं ऊन अडवलं आणि १८१६ला युरोपात उन्हाळा म्हणून आलाच नाही. पिकं गेली, लोक उपाशी राहिले. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १८१८ला, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात फ्रान्झ ग्रुबरनं चाल लावली आणि चर्चमध्ये ते गिटारवर गायलं गेलं. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली, ही गोष्ट मागाहून जोडलेली. उंदरांची बाजू कुणी ऐकून घेतलेली नाही. पण गिटार खरी. आता मजा बघा. उन्हाळा न आलेल्या वर्षी, डोंगरात, खऱ्या गारठ्यात लिहिलेल्या या गाण्यात बर्फाचा एक कणसुद्धा नाही. ज्याच्या दारात बर्फ पडतो त्याला त्याचं गाणं करावंसं वाटत नाही. तो फावडं शोधतो.

म्हणजे थंडीत लिहिलेल्या गाण्यात थंडी नाही आणि थंडीच्या कित्येक गाण्यांत ख्रिसमस नाही. ‘जिंगल बेल्स’ घ्या. जेम्स पिअरपाँटनं १८५७ साली छापलेलं हे गाणं घोड्याच्या घसरगाडीच्या शर्यतीचं आणि पोरी फिरवण्याचं आहे. ख्रिसमसचा उल्लेख शोधून सापडत नाही. ‘लेट इट स्नो’मध्ये नाही. ‘विंटर वंडरलँड’मध्ये नाही. ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’मध्येही नाही. ते तर फ्रँक लेसरनं १९४४ साली बायकोबरोबर स्वतःच्याच घरी पार्टीत गाण्यासाठी लिहिलं होतं, आणि त्याचा खरा उपयोग पाहुण्यांना ‘आता उठा’ हे गोडीत सुचवण्याचा होता. केबिनमध्ये ते लावण्यात अर्थ नाही. तिथं पाहुणे चेकआउटपर्यंत हलत नाहीत, आणि सगळ्यांनी पैसे भरलेले असतात.

आता केबिनकडे वळू. ओंडक्यांचं घर अमेरिकेत नेलं स्वीडिश आणि फिनिश वसाहतवाल्यांनी, १६३८पासून, डेलावेअर नदीकाठी. गरीब माणसाचं घर ते. त्याला गाणी चिकटवून विकण्याची कल्पना मात्र पुढाऱ्यांची. १८४०च्या अध्यक्षीय निवडणुकीत विरोधी पक्षाच्या एका वर्तमानपत्रानं विल्यम हेन्री हॅरिसनची टर उडवली, की म्हाताऱ्याला पेन्शन आणि सायडरचं पिंप द्या, तो लॉग केबिनमध्ये सुखानं बसून राहील. हॅरिसनच्या माणसांनी ती टर झेललीच. गावोगाव चाकांवरच्या लॉग केबिन फिरल्या, सायडर वाटलं, केबिनवरची गाणी झाली, मिरवणुकांत गायली गेली. उमेदवार स्वतः व्हर्जिनियातल्या मळेवाल्याच्या वाड्यात जन्मलेला. गाणी चालली, तो निवडून आला आणि शपथ घेतल्यावर महिन्याभरात वारला. तेव्हा केबिन, पेय आणि गाणी यांचं पॅकेज आजच्या भाड्याच्या साइटवाल्यांनी शोधलेलं नाही.

खरी केबिन पाहायची असेल तर गॅटलिनबर्गहून लांब जायला नको. त्याच सेव्हिअर काउंटीत १९४६मध्ये डॉली पार्टन जन्मली. बारा भावंडं, एवढंसं घर, वीज नाही. बाळंतपणाची फी म्हणून बापानं डॉक्टरला मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. अशा घरात ऊब कशानं येते? बारा भावंडांनी. डॉलीनं त्या घरावर गाणी केली, १९७३मध्ये त्याचा फोटो रेकॉर्डच्या कव्हरवर छापला, आणि पैसा आल्यावर जवळच पिजन फोर्जमध्ये डॉलीवूड नावाचं उद्यान काढलं, १९८६पासून. तिथं त्या घराची प्रतिकृती आहे. लोक रांग लावून ते दारिद्र्य बघतात आणि मग आपल्या गरम टबाच्या केबिनवर परततात. बाईंचा हिशोब चोख आहे. गरिबीतून बाहेर पडणं अनेकांना जमतं, गरिबीला तिकीट लावणं एखादीलाच.

डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्फी गावात, १९३३मध्ये जॉन जेकब नाइल्स लोकगीतं गोळा करत फिरत होता. फाटक्या कपड्यांतली एक पोर गात होती. त्यानं तिला एका वेळेला २५ सेंट देऊन तेच पुन्हा पुन्हा गायला लावलं. हाती लागल्या मोजून तीन ओळी. उरलेलं त्यानं स्वतः रचलं आणि ‘आय वंडर ॲज आय वाँडर’ हे ‘ॲपलेशियन डोंगरांतलं पारंपरिक’ कॅरल जन्माला आलं. गाणं मात्र सुरेख आहे. केबिनमध्ये लावायचंच तर हे लावा. निदान त्या तीन ओळी तरी त्या डोंगरांच्या आहेत.

आणि ज्यांनी ओंडक्यांच्या घरात बसून खरोखर संगीत केलं, त्यांना काय हवं होतं? संगीतकार सिबेलियसचं घर फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळ यार्वेनपाला आहे, आयनोला. बायकोचं नाव आयनो, तिच्यावरून. १९०४मध्ये बांधलेलं, ओंडक्यांचं. जेवणघरात हिरवी शेकोटी आहे. सिबेलियसला रंगात सूर दिसायचे आणि ही शेकोटी त्याच्या लेखी एफ मेजर होती. या माणसानं हयातभर घरात नळ येऊ दिला नाही, कारण पाइपातल्या पाण्याचा आवाज त्याला सहन झाला नसता. पाणी बाहेरून आणायचं. कुणी, ते विचारू नका. महान संगीतकारांच्या घरात हा प्रश्न बायकोला विचारतात. १९२६च्या ‘तापिओला’नंतर तीसेक वर्षं त्यानं मोठं असं काही प्रसिद्ध केलं नाही. आठव्या सिंफनीची जग वाट पाहत होतं. १९४०च्या दशकात एक दिवस त्यानं कपडे धुण्याच्या टोपलीत हस्तलिखितं भरली आणि त्या एफ मेजर शेकोटीत घातली. आठवी सिंफनी त्यातच गेली असं मानतात. लॉग केबिनमध्ये संगीताचं काय करावं, याला इतकं सडेतोड उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

अस्सलवाल्याच्या यादीत बॉन इव्हेअरही असतो, कारण इंटरनेटवरच्या प्रत्येक ‘केबिन’ यादीत तो असतो. बॉन इव्हेअर म्हणजे जस्टिन व्हर्नन. हा तरुण २००६च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या बापाच्या शिकारीच्या केबिनमध्ये जाऊन राहिला. बँड मोडलेला, प्रेम मोडलेलं, तब्येत बिघडलेली. तिथं एकट्यानं केलेली गाणी म्हणजे ‘फॉर एम्मा, फॉरेव्हर अगो’. विलक्षण आल्बम आहे. पण तो एकट्या, आजारी, सोडून दिलेल्या माणसाचा आहे, आणि तुम्ही लावताय तो पाच कुटुंबांत, पूल टेबलाशेजारी, पावाला लोणी लावता लावता. ‘अहो, हा का रडतोय?’ असं आजींनी विचारलं तर काय सांगणार?

तर मग लावायचं काय?

आधी ते अस्सलपणाचं मखर उतरवा. ‘व्हाइट ख्रिसमस’ चांगलं आहे, ते बर्फामुळं नव्हे. उन्हात बसून दूरच्या गारव्यासाठी झुरणाऱ्या माणसाचं गाणं आहे ते, आणि ते झुरणं बनावट नाही. रशियातून आलेला ज्यू, बेव्हर्ली हिल्सच्या ताडाखाली. १९४२मध्ये पॅसिफिकच्या बेटांवर घामानं थबथबलेल्या अमेरिकी शिपायांनी ते डोक्यावर घेतलं, कारण त्यांनाही घर दूर होतं. या मापानं बघितलं, तर आपल्या ग्रुपमध्ये अर्विंग बर्लिनचा खरा वारस कोण? अस्सलवाला नव्हे. अंताक्षरीवाल्या मावशी! टेनेसीच्या कोरड्या थंडीत, गॅसच्या शेकोटीसमोर पाय पसरून त्या पावसाची गाणी म्हणतात. आपल्या गाण्यांत थंडी तशी बेताचीच. एखादी लावणी सोडली तर तिच्या वाट्याला फारसं कुणी जात नाही. पाऊस मात्र मुबलक. मावशींच्या दृष्टीनं मुंबईच्या पावसात लोकल बंद पडत नाही, छत्री उलटी होत नाही, पायजम्याला चिखल लागत नाही. तो कडवं गाळलेला पाऊस आहे. बर्लिननं ताड गाळले, मावशींनी चिखल गाळला. एकच कारागिरी.

तेव्हा मावशींना संध्याकाळ द्या. सात ते दहा. दहानंतर बहुतेक केबिनचा नियम असतो शांततेचा, आणि डोंगरात आवाज दरीपलीकडे जातो. ‘ण’ आला म्हणून झालेलं भांडण तर आणखी लांब जातं.

भीमसेनवाल्या काकांना एक सुचवणं. मार्गशीर्ष-पौष म्हणजे हेमंत ऋतू, आणि हेमंत नावाचा राग आहे, उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या घराण्यातला. निखिल बॅनर्जींच्या सतारीवरचा हेमंत उतरवून घेऊन जा. उतरवूनच न्या, कारण डोंगरात नेट असतं ते फक्त जाहिरातीत, आणि आलाप ऐन रंगात असताना पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं तर काका केबिनवाल्याला एक तारा देतील. टबात सतार ऐकावी की नाही, यावर घराण्याचं मत उपलब्ध नाही.

सकाळी पोह्यांच्या वेळेला व्हिन्स ग्वाराल्डीचा ‘चार्ली ब्राउन’वाला पियानो, १९६५चा. त्याला कुणी नाही म्हणत नाही, आजीसुद्धा. टेनेसीचं म्हणून काही हवंच असेल, तर ‘गो टेल इट ऑन द माउंटन’. गुलामगिरीतून आलेल्या काळ्या माणसांचं भजन. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या जॉन वर्क यांनी ते गोळा करून जपलं. यात डोंगर आहे, ख्रिस्तजन्म आहे आणि कुणालाही २५ सेंट द्यावे लागले नाहीत. ब्रेंडा ली एकदा चालेल. ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ तिनं नॅशव्हिललाच १९५८मध्ये रेकॉर्ड केलं, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरला पोचलं डिसेंबर २०२३मध्ये. पासष्ट वर्षं! आपल्याकडच्या जमिनीच्या केसशी बरोबरी आहे. मरायाला त्याच नंबरला यायला पंचवीसच लागली, आणि तेव्हापासून ती दर वर्षी येते आणि जायचं नाव घेत नाही. तिला एकदाच लावा, भांडी घासताना. नळ मोठा सोडून.

‘लास्ट ख्रिसमस’बद्दल पोरांना विचारा. त्यांच्यात एक खेळ आहे, १ डिसेंबरपासून २४ डिसेंबर संपेपर्यंत हे गाणं कानावर पडू द्यायचं नाही; पडलं की बाद. दुसऱ्या कुणी गायलेलं चालतं, मूळ नको. केबिनमध्ये पोरं दिवसभर हेडफोन लावून का बसतात, याचा उलगडा यात असू शकतो. चोवीसला रात्री जेवणाच्या टेबलावर तुम्ही प्रेमानं ते लावलंत, तर चार पोरं एकदम किंचाळतील. तेवढाच त्यांचा कुटुंबाशी संवाद.

स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका, खर्ज फुगतो आणि क्रॉस्बी पिंपातून गायल्यासारखा येतो. फोडणीपासूनही दूर ठेवा. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो आणि त्याला कुठल्याही प्लेलिस्टमध्ये बंद करण्याची सोय नाही.

राहिला प्रश्न खऱ्याखुऱ्या ख्रिसमसच्या गाण्याचा. तो सोडवायला कॅलिफोर्नियाला जायला नको. फादर स्टीफन्सनी ‘क्रिस्तपुराण’ छापलं १६१६ साली, गोव्यात, राशोलला. सुमारे ११,००० ओव्या, आपल्या मराठीत, आणि येशूच्या जन्माची कथा त्यात साग्रसंगीत आलेली आहे. वसईच्या गावांतून पोरं नाताळात घरोघर गात फिरतात. आणि अमेरिकेचं नातंच काढायचं तर नगर घ्या. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१मध्ये तिथं आले, येताना बोस्टनकडच्या प्रार्थनांच्या चाली घेऊन आले आणि कित्येक वर्षं आपल्या लोकांना त्या परक्या चालींत मराठी गायला लावलं. मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. त्यांनी अभंग दिले, भजनं दिली, आणि मराठी चर्चमध्ये पेटी, तबला, टाळ स्थिरावले. आज त्याच नगरकडची पोरं नोकरीला अमेरिकेत आहेत आणि स्पीकरवर बोस्टनचा माल वाजवताहेत.

टिळकांची भजनं घ्या. त्यांत घसरगाडी नाही, घुंगरू नाहीत, बर्फ नाही, लाल नाकाचं हरीण नाही, चेस्टनट नाहीत. फक्त ख्रिस्त आहे. ग्रुपवर एखादं टाकून बघा. दोन अंगठे येतील, एक हात जोडलेला येईल, आणि अस्सलवाल्याचा निरोप येईल: ‘छान आहे काका, पण ख्रिसमसचं काही असेल तर पाठवा ना.’